घरचं लोखंड

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१२ ऑक्टोबर २०२५

नूरभाई,

तात्याचा सलाम. घेतलास तर बरं, नाय घेतलास तरी मी केला.

माझा फोन तू उचलत नाहीस. दोनदा तुझ्या बहिणीनं, राहतनं, उचलला आणि "भाई नमाजला गेलेत" म्हणाली. सकाळी अकराला तू कोणत्या नमाजला जातोस ते बावीस वर्षं तुझ्यासोबत काम केलेल्या माणसाला सांगतेस व्हय, असं म्हणणार होतो, पण तिचा काय दोष. म्हणून कागद घेतला. कागद फाडायचा म्हणलं तरी आधी हातात घ्यावा लागतो.

बातमी अशी की आपली मिल पाडायला घेतली. चिकलठाण्याच्या त्या रस्त्यानं गेलास तर ओळखणार नाहीस. कंपाउंडला पत्रे ठोकलेत आणि पत्र्यावर बारा मजल्यांच्या इमारतीचं चित्र. खाली हिरवळ, हिरवळीवर एक गोरी बाई कुत्रं फिरवतेय. तुझं भंगाराचं यार्ड बरोब्बर त्या कुत्र्याच्या जागी होतं. पुंजाराम वॉचमन अजून गेटवर आहे, त्यानं मला आत सोडलं. गॅस कटरनं शेडचे खांब कापतायत, ट्रक भरतायत आणि जालन्याला पाठवतायत. जालन्याच्या कुठल्यातरी भट्टीत आपली मिल वितळणार आणि तिच्या सळया होणार. आपल्या दोन भट्ट्यांपैकी एक अजून उभी आहे, दुसरीच्या जागी खड्डा.

पुंजारामला विचारलं, भंगाराची छाटणी कोण करतं? म्हणाला, छाटणी कसली तात्या, उचल आणि टाक. तुझी आठवण आली. प्रत्येक पाइप, प्रत्येक डबा हातोडीनं वाजवून बघणारा माणूस या धंद्यात मी दुसरा पाहिला नाय. हे तोंडावर कधी म्हणलो नव्हतो.

आता दुसरी बातमी, आणि खरं तर पत्र त्यासाठीच. खुशनुमाचं लग्न ठरलं. तुझ्या ओवैसची पोरगी, जिला तू खांद्यावर बसवून मिलच्या पूजेला आणायचास, ती आता बावीस वर्षांची आहे. मुलगा वाळूजला कंपनीत आहे, सरळ दिसतो. निकाह २८ डिसेंबरला, रविवारी दुपारी. महेजबीन वहिनीनं तुला कळवलं नसणार. ओवैस जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत तिच्या तोंडून मी तुझं नाव ऐकलं नाय. पण बाप नसलेल्या पोरीचा चुलता आहेस तू. यायला पाहिजेस.

त्या दिवसाचं मला या पत्रात काही काढायचं नाय.

तात्या


२ नोव्हेंबर २०२५

नूरभाई,

उत्तर नाय. ठीक आहे, मीही हट्टी आहे.

काल परत मिलमध्ये गेलो होतो. घरी रत्नमाला म्हणते, रोज उठून त्या मढ्यापाशी काय बसता. तिला काय सांगू. ब्याण्णव साली त्या गेटातून आत गेलो तेव्हा माझ्या पायात धड चप्पल नव्हती. मग मिलचा बूट आला, डोक्यावर पिवळं हेल्मेट आलं, आणि गावाकडं लोक मला नावानं नाय तर "मिलवाले" म्हणून ओळखायला लागले. आठवतं का, भोंगा झाला की रस्त्यावरचे चहावाले दूध चढवायचे. तीन पाळ्या, दोन भट्ट्या, आणि रोलिंगमधून लाल सळई सापासारखी सळसळत यायची तेव्हा नवा माणूस हमखास मागं सरकायचा. पोरगा मिलमध्ये आहे एवढं कळलं की मुलीकडचे पुढचं विचारायचे नाय. ओवैसचं तसंच जमलं ना. वहिनीच्या बापानं त्याचा फोटोही बघितला नव्हता.

आणि आता बघ. गोकुळ क्रेनवाला एका मॉलच्या दारात उभा राहून बायांच्या पिशव्या तपासतो. रोलिंगचे दोघं रिक्षा चालवतात. बाकीचे कुठं गेले मला माहीत नाय. एकोणीस साली एका सोमवारी सकाळच्या पाळीला गेलो तर गेटला कुलूप आणि कागद. त्या कागदासमोर आम्ही दुपारपर्यंत उभे होतो, डबे हातात धरून. कोणाला घरी जायचं सुचेना.

लोक म्हणतात, त्या स्फोटानंतर मिलनं मान टाकली. मी म्हणतो, विजेच्या बिलानं आणि जालन्याच्या मोठ्या मिलांनी बुडवली. ते म्हणतात, नाय, नूरमोहम्मदच्या चुकीनं. मग मी गप्प बसतो.

बुधवारी वहिनीकडं गेलो होतो. मी जातो अधूनमधून, तुला माहीत नसेल. गॅसचं सिलेंडर, खुशनुमाच्या कॉलेजचे फॉर्म, दवाखाना, काही ना काही. मला तात्याभाई म्हणते. लग्नाचं बोलत होतो तेव्हा मी जरा चाचपलं. म्हणलं, बाप नाय म्हणजे निकाहात मुलीच्या वतीनं उभा राहणारा वकील चुलताच असतो ना वहिनी? तिच्या हातात किटली होती. ती खाली न ठेवता म्हणाली, "जिसने बाप को मारा, वो बेटी का वकील बनेगा क्या?" जालन्याचा तिचा भाऊ जिब्रान वकील राहणार आहे.

मी बिस्कीट खात होतो. खात राहिलो.

चौकशीला साहेब आले होते तेव्हा भट्टीचा मुख्य मिस्त्री म्हणून माझा जबाब पहिला झाला. मी म्हणलो होतो, भट्टीत यार्डचा माल गेला, यार्डचा माल नूरमोहम्मद पास करतो. यात खोटं एक अक्षर नव्हतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल ते सांगू नको म्हणशील.

तात्या


१९ नोव्हेंबर २०२५

नूरभाई,

आज सगळं लिहितो. तुला सगळं माहीत आहे, तू तिथं होतास. पण मी ते कधी कागदावर बघितलेलं नाय, आणि वहिनीसमोर बोलायच्या आधी मला एकदा बघायचंय.

भट्टीला आतून नवं अस्तर बसलं की पहिल्या हीटमध्ये, म्हणजे पहिलं लोखंड वितळताना, प्रत्येकानं घरचं लोखंड टाकायचं, ही रीत आपल्या मिलमध्ये कोणी सुरू केली मला माहीत नाय. मी लागलो तेव्हा होती. कोणी मोडका विळा आणायचा, कोणी तवा, कोणी बैलगाडीच्या चाकाची धाव. तू दर वेळी घोड्याची नाल आणायचास. लाल फडक्यात बांधायचं, भट्टीच्या तोंडाशी जायचं, डोक्याला लावून सोडायचं. भट्टी आपली झाली, आता आपल्याला खाणार नाय, असं म्हणायचे. आणि घरचं लोखंड कोणी उघडून बघायचं नाय, वाजवायचं नाय. माणसाच्या घरावर संशय घेतल्यासारखं होतं ते.

त्या वर्षी अपेक्षाचं लग्न झालं होतं. तिचा लहानपणचा पाळणा मागच्या अंगणात पडून होता. लोखंडी पाइपाचा स्टँड, चार पाय, प्रत्येकाची दोन्ही टोकं चेपलेली. कित्येक पावसाळे त्यानं तिथं काढले. रत्नमाला म्हणाली, पाळण्याचं लोखंड भट्टीत नका घालू. मी म्हणलो, लेक सासरी सुखी राहील. एक पाय सोडवून घेतला आणि फडक्यात बांधला.

तू प्लॅटफॉर्मखाली उभा होतास. माझ्या हातात लांब गाठोडं बघून म्हणालास, "तात्या, पाइप आहे का? दे, एकदा वाजवून बघतो." हळूच म्हणालास. हळू म्हणालास हे मला अकरा वर्षं टोचतंय, कारण मी मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलो, "माझ्या लेकीच्या पाळण्याला हातोडी मारतो व्हय रे?" वीस-बावीस माणसं हसली. तूही हसलास. आणि हातोडी खाली केलीस.

मग शेठनं मला फोटोसाठी हाक मारली. नवं अस्तर, हार घातलेली भट्टी, बाजूला शेठ आणि मिस्त्री. माझ्या हातात ते गाठोडं बरं दिसेना. ओवैस वर भट्टीच्या तोंडाशी होता. म्हणाला, "तात्या, आणा, मी टाकतो तुमचं." डोक्याला लावलं त्यानं. माझ्या घरचं लोखंड त्यानं आपल्या डोक्याला लावलं, नूर, आणि सोडलं.

पाइपात पाणी होतं. चेपलेल्या टोकांत गंज धरला होता, बाहेर यायला वाट नव्हती. उकळत्या लोखंडाखाली पाणी गेलं की काय होतं हे मी नव्या पोरांना दर सहा महिन्यांनी शिकवायचो. फोटो निघाला त्याच वेळी ते झालं. तो फोटो शेठकडं असेल. मी त्यात हसत असणार.

तुझा भाऊ माझ्या पाळण्यानं गेला. आणि दोष तुझ्यावर आला, तू शब्द बोलला नाहीस, नोकरी सोडलीस, अजिंठ्याला बहिणीच्या दारात जाऊन पंप दुरुस्त करत बसलास. मी पाच वर्षं त्याच भट्टीवर काम केलं.

वहिनीला सांगणार आहे. निकाहाच्या आत सांगणार.

तात्या


४ डिसेंबर २०२५

नूरभाई,

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांनी तीन ओळी. अक्षर अजून तसंच, वजनकाट्याच्या पावतीवर लिहायचास तसं. "सांगायचं असेल तर सांग. माझ्यासाठी सांगू नको. हातोडी माझ्या हातात होती."

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. मी हसं केलं म्हणून तू थांबलास, आणि त्याचाही हिशेब तू स्वतःच्याच नावावर लावलास. मला राग आला तुझा, खरं सांगतो. मला भांडायला तरी काही ठेव.

लगेच उठून वहिनीकडं गेलो. गेलो आणि आलो. सांगितलं नाय.

घर भरलेलं होतं. जिब्रान आला होता, मंडपवाला आला होता. वहिनीनं मला पुढं बसवलं आणि मंडपवाल्याला म्हणाली, "ये हमारे तात्याभाई. ओवैस के बाद इनो ही घर देखे." खुशनुमानं चहा आणला, पाया पडायला वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर तोंड कसं उघडायचं? मांडवात किती खुर्च्या लागतील यावर मी अर्धा तास बोललो. माझं म्हणणं होतं की पंखे जास्त लावावेत.

घरी आल्यावर रत्नमाला म्हणाली, "झालं का सांगून?" तिला सुरुवातीपासून माहीत आहे. मी म्हणलो, आज लई माणसं होती. ती म्हणाली, "त्या दिवशी नव्हती का?" आणि स्वयंपाकघरात निघून गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला कधी शिवी दिली नाय. दिली असती तर बरं झालं असतं.

भीती कशाची वाटते ते लिहितो, तुझ्यापासून आता काय लपवायचं. वहिनी पोलिसात जाईल याची नाय. ते एक घर आहे जिथं मी गेलो की सगळे उठून उभे राहतात. ते बंद होईल. तुझ्या जागेवर बसलोय मी, नूर, आणि ती जागा उबदार आहे.

तात्या


१४ डिसेंबर २०२५

नूरभाई,

सांगितलं.

आज सकाळी गेलो. वहिनी तांदूळ निवडत होती, खुशनुमा शेजारी. म्हणलं, पोरीला आत पाठवा. वहिनी म्हणाली, तिच्या लग्नाचंच असेल ना, बसू दे. मग दोघींसमोरच बोललो. एकोणीस नोव्हेंबरला तुला लिहिलं होतं त्याच क्रमानं बोललो, म्हणून अडखळलो नाय. पाळणा, फडकं, तुझी हातोडी, माझं बोलणं, लोकांचं हसणं, फोटो, ओवैस. जबाबही सांगितला.

वहिनीचा हात ताटात तसाच थांबला होता. पहिला प्रश्न तिनं तुझ्याबद्दल विचारला. "नूरभाई को मालूम था?"

म्हणलं, हो. सगळं.

"फिर बोले क्यूं नहीं?"

म्हणलं, तो म्हणतो हातोडी माझ्या हातात होती.

मग ती रडली नाय, ओरडली नाय. म्हणाली, दर ईदेला अजिंठ्याहून कोणा ना कोणाच्या हाती शेवया आणि खारका यायच्या. दर ईदेला तिनं त्या दारातूनच शेजारणीला देऊन टाकल्या, घरात येऊ दिल्या नाय. पोरीनं एकदा एक खारीक उचलली होती तर तिच्या हातावर मारलं होतं. हे सगळं ती मला नाय, त्या तांदळाला सांगत होती. मग वर बघितलं आणि म्हणाली, "ग्यारा साल तुम मेरे घर की चाय पिये."

एवढंच. माझ्यासमोरचा कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. अर्धा भरलेला होता.

मी चप्पल घालत होतो तेव्हा खुशनुमा वही-पेन घेऊन बाहेर आली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बडे अब्बा का नंबर बोलो." मी बोललो, तिनं लिहिला, परत वाचून दाखवला. आतून वहिनी म्हणाली, "और इनको बोल, शादी में नको आना."

तुला फोन येईल. तो तरी उचल.

तात्या


२ जानेवारी २०२६

नूरभाई,

तू मुलीचा वकील म्हणून उभा राहिलास हे मला पुंजारामनं सांगितलं, त्याला आमंत्रण होतं. म्हणाला, खुशनुमाची कबुली घेऊन तू बाहेर आलास आणि काजीसमोर सांगताना ओवैसचं नाव आलं तिथं तुझा आवाज बसला. परत सांगावं लागलं. वहिनी पडद्याआडून ऐकत होती म्हणे. मी त्या वेळी मिलच्या गेटवर होतो, तिथून मांडवाचे भोंगे ऐकू येतात. बाकी काही कळत नाय, नुसता आवाज येतो.

सोमवारी सकाळी तू माझ्या दारात येशील असं मला वाटलं नव्हतं. रत्नमालानं "या भाई" म्हणलं आणि पाणी आणलं. तू ते घेतलं नाहीस. बसलाही नाहीस. "बाकीचे तीन पाय कुठं आहेत?" एवढंच विचारलंस. मी मागच्या दाराकडं बोट केलं.

मागच्या अंगणात गेलास, पिशवीतून हातोडी काढलीस. तीच, दांड्याला सुतळी गुंडाळलेली. पहिला पाय वाजवलास, टण्ण बोलला. दुसरा बोलला. तिसऱ्यावर मारलंस आणि आवाजच आला नाय, नुसतं भद्द. मलाही कळलं. भट्टीच्या माणसालाही कळलं, नूर, कान लावायची गरज नव्हती. त्या दिवशी एकदा मारू दिली असती तर सगळ्या मिलला कळलं असतं.

तू आरी मागितलीस. टोक कापलंस आणि पाइप तिरका केलास. तांबडं, गंजाचं पाणी तुझ्या तळहातावर आलं. ओंजळही भरली नाय. तू ते माझ्यापुढं धरलंस आणि म्हणालास, "एवढंच होतं बघ, तात्या."

मग फरशीवर सांडून दिलंस, हात पायजम्याला पुसलास, आणि बसची वेळ झाली म्हणून निघालास. मी माफी मागितली नाय. त्या वेळी नाय, आणि एवढ्या पत्रांतही कुठं नाय, तुझ्या ध्यानात आलं असेल. मागितली तर तू देशील. तू तसाच आहेस. म्हणून मागत नाय.

हातोडी पायरीवर राहिली. विसरलास की ठेवलीस ते विचारणार नाय.

काल ती घेऊन मिलमध्ये गेलो. पुंजाराम आत सोडतो. शेडच्या पाण्याच्या लाइनी कापून ढीग घातलाय, तोच जालन्याला जाणार, आणि तिथं भट्टीच्या तोंडाशी कोणीतरी उभा असणार. मी एका टोकापासून वाजवायला सुरुवात केली. ठेकेदाराची माणसं हसली. मी वाजवत राहिलो. मुकादम आला, म्हणाला, "बाबा, कोण तुम्ही?" तोंडात मिस्त्री आलं होतं. म्हणलो, छाटणीवर आहे.

संध्याकाळपर्यंत सात बंद पाइप निघाले. सगळ्यांची टोकं कापली. पाणी एकातच होतं.

तात्या